मावशीची रात्रीची सुई आणि माझ्या फ्लास्कमधलं इन्सुलिन

गेल्या रविवारी म्हार्दोळला मावशीकडे गेले होते. पाऊस असा की बाणस्तारीच्या पुलावर वायपर फुल स्पीडला ठेवूनसुद्धा पुढची गाडी दिसत नव्हती, कशीबशी पोचले आणि छत्री बाहेर निथळत ठेवते न ठेवते तोच मावसभाऊ हळूच म्हणाला, आईने चार दिवस इन्सुलिन घेतलेलं नाही. सकाळची उपाशीपोटीची शुगर ३१२. मावशी आत गॅसपाशी पेज ढवळत होती, काही झालंच नाही अशा थाटात.

कारण काय तर व्हॉट्सअॅपवर आलेला एक मेसेज. इन्सुलिन घातलं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, लॅबमध्ये सिद्ध झालंय, डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत, वगैरे. मावशीच्या जाऊबाईंचं गेल्या वर्षीच स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, त्यांच्या केमोच्या वेळी हॉस्पिटलात रात्री मावशीच बसायची, तिने सगळं जवळून बघितलंय. त्यामुळे हा मेसेज तिच्या काळजालाच लागला. मी तिला दोष देत नाही. तिने मला समोर बसवलं आणि विचारलं (ती कोंकणीत बोलते, मी इथे मराठीत लिहितेय), "तूच ना गो त्या पेशींना इन्सुलिन घालायचीस? मग खरं की खोटं ते तू सांग."

हो, मीच घालायचे. दोन वर्षं, पणजीजवळच्या एका लॅबमध्ये, दर दोन-तीन दिवसांनी. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतेय, कारण आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली आलेल्या पाहणीत डायबेटिसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं होतं, २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४. म्हणजे असा मेसेज आपल्याकडे ज्या घरात जाईल तिथे इन्सुलिन घेणारं कोणी ना कोणी असायची शक्यता मोठी, आणि मावशीसारखं न सांगता बंद करणारं पण.

आधी लॅबमधलं सांगते. स्तनाच्या पेशी शरीराबाहेर प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये, ३७ डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवतात. त्यांना जे खाणं देतात त्याला मीडिया म्हणायचं, गुलाबी रंगाचा, त्यात साखर, अमिनो आम्लं, क्षार, व्हिटॅमिन्स. पण फक्त खाऊन पेशी वाढत नाहीत, त्यांना "वाढ" असं कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणाऱ्यांपैकी एक म्हणजे इन्सुलिन. माझ्याकडे दोन प्रकारच्या पेशी होत्या. एक एमसीएफ-१०ए, कॅन्सर नसलेल्या स्तनाच्या पेशी, या भारी नखरेल, त्यांना घोड्याचं सीरम (रक्त गोठल्यावर उरतं ते पाणी) लागतं, ईजीएफ नावाचं वाढीचं प्रोटीन लागतं, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड लागतं, चक्क कॉलऱ्याचं टॉक्सिन लागतं आणि इन्सुलिन लागतं, दर मिलीला १० मायक्रोग्रॅम. दुसऱ्या एमसीएफ-७, या कॅन्सरच्या, जगभरातल्या लॅबमध्ये असतात.

इन्सुलिनचा स्टॉक, म्हणजे पुढे थोडं थोडं वापरायचं घट्ट द्रावण, करायचं काम मला फार आवडायचं. पांढरी पावडर असते, पाण्यात टाकली तर नीट विरघळत नाही, दुधाळ गढूळ होऊन बसते, कितीही हलवा. मग पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब सोडायचा, आणखी एक थेंब, आणि बघता बघता सगळं लख्ख पारदर्शक होतं, मुळात काही टाकलंच नव्हतं असं वाटावं इतकं. जोरात हलवायचं नाही, फेस आला की प्रोटीन खराब होतं. आणि काचेला, प्लास्टिकला ते चिकटून बसतं, म्हणून अगदी पातळ करून ठेवलं तर काही दिवसांनी बाटलीतल्या पाण्यात कमी आणि भिंतीवरच जास्त.

एकदा काय झालं, जुलैचे दिवस, बाहेर सगळीकडे बुरशी, आमचं एक इनक्युबेटर बुरशीमुळे रिकामं करून धुवायला काढलेलं, त्या धावपळीत माझ्या हातून एमसीएफ-१०एच्या मीडियाच्या बाटलीत इन्सुलिन घालायचं राहून गेलं आणि मला पत्ताच नाही. बाकी सगळं होतं. तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली फ्लास्क ठेवला तर काहीतरी वेगळंच. एरवी या पेशी फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटून पसरत जातात, आणि जी पेशी विभागायला आलेली असते ती गोल होऊन वर उचलली जाते आणि तिच्याभोवती चमकदार कडा दिसते, एका नजरेत अशा चार-पाच चमकणाऱ्या गोळ्या दिसल्या की समजायचं वाढ छान चाललीय. त्या दिवशी मी चार ठिकाणी बघितलं, एक पण नाही. पेशी मेल्या नव्हत्या, पण सपाट, पसरट, थांबून राहिलेल्या. मीडिया बदलून इन्सुलिनवाला दिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली चमकणारी गोळी दिसली, मग आणखी दोन. ते चित्र अजून डोळ्यासमोर आहे. इन्सुलिन म्हणजे साखर कमी करायचं औषध एवढंच लहानपणापासून ऐकलेलं, त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की हे वाढीचं पण हॉर्मोन आहे.

ते आत काय करतं ते सांगते. पेशीच्या अंगावर इन्सुलिन रिसेप्टर असतो, इन्सुलिन त्याला बाहेरून चिकटलं की त्याची आतली बाजू जागी होते आणि निरोप पुढे जातो. निरोपाच्या दोन मोठ्या वाटा आहेत. एक पीआय३के, एकेटी, एमटॉर या प्रोटीन्सची, ती पेशीला सांगते प्रोटीन बनव, आकाराने वाढ, मरू नकोस. दुसरी रॅस आणि मॅप कायनेजची, ती जास्त करून विभागणीकडे नेते. पहिला निरोप काही मिनिटांत पोचतो, पण पेशीला डीएनएची नक्कल सुरू करायला त्यानंतर कितीतरी तास लागतात, कारण मध्ये सायक्लिन डी१ सारखी प्रोटीन्स बनावी लागतात, तयारी करावी लागते. आणि इन्सुलिन एकटं फारसं काही करत नाही हे पण लक्षात ठेवायला पाहिजे, ईजीएफ बरोबर असेल, एमसीएफ-७ मध्ये इस्ट्रोजेन बरोबर असेल, तर दोघं मिळून जे करतात ते एकेकट्याच्या बेरजेपेक्षा जास्त असतं.

हे सगळं आजकालचं नाही. १९५७ साली एलियास नावाच्या शास्त्रज्ञाने उंदराच्या स्तनग्रंथीचे बारीक तुकडे हॉर्मोन घातलेल्या मीडियात जिवंत ठेवून दाखवले. पुढे १९६० च्या दशकात टॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवलं की गाभण उंदरीच्या ग्रंथीचे तुकडे घेतले तर इन्सुलिनने त्यांच्यात डीएनए बनायला लागतो, पेशी विभागतात, आणि मग इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोलॅक्टिन (दुधाचं हॉर्मोन) तिन्ही मिळाली की त्या पेशी केसीन, म्हणजे दुधातलं प्रोटीन, बनवायला लागतात. तिघांपैकी एक काढलं की नीट बनत नाही. मला यातलं सगळ्यात सुंदर हे वाटतं की जे हॉर्मोन पेशीला वाढ म्हणतं तेच पुढे तिला दूध बनव असं सांगणाऱ्यांच्यात पण असतं. उंदराच्याच एचसी११ नावाच्या पेशी आहेत, त्यांना आधी इन्सुलिन आणि ईजीएफवर भरगच्च वाढवायचं, मग ईजीएफ काढून डेक्सामेथासोन (हे पण स्टेरॉइडच), इन्सुलिन, प्रोलॅक्टिन द्यायचं, त्या बीटा-केसीन बनवायला लागतात.

इथे थोडं विषय सोडून सांगते, पण मला हे सांगायचंच आहे. माझ्या वहिनीला गरोदरपणात डायबेटिस झाला होता, आणि बाळंतपणानंतर तिला दूध यायला वेळ लागला. घरात सगळ्यांनी तिलाच बोल लावले, नीट खात नाही, तिजान (नाचणीची खीर) पीत नाही, मन लावत नाही. ती रडायची. गरोदरपणीच्या डायबेटिसमध्ये दूध उशिरा उतरणं हे डॉक्टरांना चांगलं माहीत असलेलं आहे, आणि इन्सुलिनचं दूध बनण्याशी नातं किती जवळचं ते या पेशींमध्ये दिसतं. त्यात तिची काय चूक? तेव्हा मला हे माहीत असतं तर मी तिच्या बाजूने उभी राहिले असते.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येते. कॅन्सरच्या पेशी इन्सुलिनने वाढतात का? फ्लास्कमध्ये, हो. मी तिला खोटं सांगणार नव्हते. १९७६ सालीच ऑसबर्न, लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमसीएफ-७ वर हे दाखवलं होतं, सीरम काढून टाकलेल्या मीडियात, कारण सीरममध्ये आधीच वाढीची शंभर द्रव्यं असतात, त्यात इन्सुलिनचा वेगळा आवाज ऐकू येत नाही. त्यांनी किरणोत्सारी थायमिडीन, युरिडीन, ल्युसीन, म्हणजे अनुक्रमे डीएनए, आरएनए आणि प्रोटीनचा कच्चा माल, घालून मोजलं की पेशी डीएनए, आरएनए आणि प्रोटीन किती बनवतायत, आणि रक्तात असतं तेवढ्या इन्सुलिनने पण ते वाढतं. म्हणजे मेसेजमधलं ते एक वाक्य हवेतून आलेलं नाही.

पण फ्लास्क म्हणजे शरीर नाही. मी तिच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गणित करून दाखवलं. माझ्या मीडियाची बाटली ५०० मिलीची, त्यात मिलीला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५ मिलिग्रॅम इन्सुलिन. ते युनिटमध्ये किती तर साधारण १४४. मावशी रात्री १८ युनिट घेते. म्हणजे तिच्या आठ रात्रींचं इन्सुलिन मी अर्ध्या लिटर पाण्यात घालत होते, आणि तिचे १८ युनिट तिच्या साठ किलोच्या आख्ख्या अंगात हळूहळू पसरतात, रक्तात आलेलं इन्सुलिन काही मिनिटांत निम्मं होतं, लिव्हर आणि किडनी ते साफ करत राहतात. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी मिलीला साधारण ०.३ ते ०.४ नॅनोग्रॅम इन्सुलिन असतं. माझ्या फ्लास्कमध्ये १०,०००. पंचवीस हजार पटींहून जास्त! मावशी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती, मग म्हणाली, एवढं कशाला घालायचात?

हा प्रश्न फार बरोबर आहे, आणि लॅबमध्ये नवीन आलेली पोरं हा विचारत नाहीत, प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय म्हणून घालतात. एक तर गरम मीडियात इन्सुलिन टिकत नाही, मीडियातली सिस्टीन त्याचे बंध तोडते, पेशी स्वतः पण ते गिळून मोडून टाकतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पेशीच्या अंगावर इन्सुलिन रिसेप्टरचा एक सख्खा भाऊ असतो, आयजीएफ-१ रिसेप्टर, आयजीएफ म्हणजे इन्सुलिनसारखंच दिसणारं वाढीचं हॉर्मोन, आणि हा रिसेप्टर मुख्यतः वाढीसाठीच. इन्सुलिन त्याला फार कमी ओढीने चिकटतं, पण एवढ्या प्रचंड प्रमाणात घातलं की चिकटतंच. मी मावशीला म्हटलं, वाड्यावर दोन गांवकर असतील तर पोस्टमन रोजची एक-दोन पत्रं बरोबर घरी देतो, पण एका दिवशी पंचवीस हजार पत्रं आणली तर त्यातली कितीतरी दुसऱ्या गांवकराच्या दारात पडणार, आणि तो ती उघडून कामाला लागणार. आमच्या मीडियातलं इन्सुलिन हे बऱ्याच प्रमाणात महागड्या आयजीएफच्या जागी वापरलेलं असतं. त्यामुळे १० मायक्रोग्रॅम घालून पेशी वाढल्या हे वाचून रात्रीची सुई बंद करणं म्हणजे पुराचं पाणी बघून प्यायचं पाणी सोडून दिल्यासारखं आहे.

बरं, कॅन्सरच्या पेशींचं आणखी एक आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बरेचदा इन्सुलिन रिसेप्टर नेहमीपेक्षा जास्त असतात, आणि त्यात ए नावाचा प्रकार जास्त, जो आयजीएफ-२ चं, म्हणजे आयजीएफ-१ च्या भावंडाचं, पण ऐकतो. म्हणून या विषयाकडे शास्त्रज्ञ इतकी वर्षं गंभीरपणे बघतायत, आणि बघायलाच पाहिजे. एक्स१० म्हणून एक इन्सुलिन बनवलं होतं, इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी बी साखळीतल्या दहाव्या जागी हिस्टिडीनऐवजी ॲस्पार्टिक ॲसिड घातलेलं, एका अमिनो आम्लाचा फरक, ५१ मधल्या एकाचा. ते जलद काम करायचं, डॉक्टरांना आशा होती. पण ते रिसेप्टरला जास्त वेळ धरून बसतं, पेशींमध्ये वाढीचा जोर जास्त दाखवतं, आणि मोठे डोस दिलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी वाढल्या. ते तिथेच थांबवलं, बाजारात आलंच नाही. तेव्हापासून नवीन इन्सुलिन आलं की ते पेशींमध्ये वाढीचा निरोप किती देतं हे तपासतात, त्यात एमसीएफ-७ पण असतात. म्हणजे ज्या पेशींची भीती मावशीला दाखवली गेली त्याच पेशी तिच्या औषधाची राखण करतायत. हे तिला सांगताना माझा आवाज थोडा चढला होता, कारण मला खरंच राग आला होता त्या मेसेजचा.

मावशीची रात्रीची सुई ग्लार्जिनची, म्हणजे हळूहळू काम करणाऱ्या इन्सुलिनची. तिच्यावरून पण २००९ साली मोठा गोंधळ झाला होता, काही पाहण्यांत कॅन्सर जास्त दिसतोय का अशी शंका आली, आणि फ्लास्कमध्ये ग्लार्जिन आयजीएफ रिसेप्टरला साध्या इन्सुलिनपेक्षा जास्त चिकटतं हे तर आधीपासून माहीत होतं. पण शरीरात गेल्यावर ग्लार्जिनच्या शेपटीची आर्जिनीन नावाची दोन अमिनो आम्लं कापली जातात आणि रक्तात मुख्यतः फिरतं ते एम१, जे वाढीच्या बाबतीत साध्या मानवी इन्सुलिनसारखंच वागतं. फ्लास्कमध्ये ही काटछाट शरीरासारखी होत नाही. मग २०१२ साली ओरिजिन नावाची चाचणी आली, १२,५३७ माणसं, सहा वर्षांहून जास्त काळ, निम्म्यांना ग्लार्जिन, निम्म्यांना नेहमीचे उपचार. कॅन्सरमध्ये फरक नाही. फ्लास्कने शंका काढली आणि माणसांनी उत्तर दिलं, आणि मावशीने दोन्ही ऐकायला पाहिजे, फक्त पहिलं नाही.

एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली नाही. वजन वाढून, शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं की स्वादुपिंड वर्षानुवर्षं जास्त इन्सुलिन ओतत राहतं, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये असं स्वतःचंच इन्सुलिन जास्त असणं आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलाय. म्हणून वाटलं होतं की मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी देऊन इन्सुलिन खाली आणलं तर कॅन्सर परत यायचा कमी होईल, डायबेटिस नसलेल्या साडेतीन हजारांहून जास्त पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०२२ साली निकाल आला, फायदा दिसला नाही. इतकं सरळ नसतं हे. पण यातून मावशीने करायचं ते संध्याकाळी देवळापर्यंत चालणं, रात्री शिताचा डोंगर कमी करणं, सुई बंद करणं नव्हे. चार दिवस ३०० च्या वर शुगर हा धोका खरा आहे, आजचा आहे, तिच्या डोळ्यांना, तिच्या किडनीला.

तिने सगळं ऐकलं. मग पेज वाढली, खारे आंबे काढले, आणि जेवताना मध्येच विचारलं, त्या कॅन्सरच्या पेशी कोणाच्या? मी सांगितलं, अमेरिकेत मिशिगनमधल्या एका ननच्या, ६९ वर्षांच्या होत्या, कॅन्सर पसरून छातीत पाणी झालं होतं, १९७० साली त्या पाण्यातून घेतलेल्या पेशी आहेत, त्या डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये वाढवल्या म्हणून एमसीएफ, १९७३ साली जगाला कळवलं. सिस्टर तर तेव्हाच गेल्या. मावशी हातातला घास तसाच धरून थांबली. म्हणाली, पन्नास वर्षं? अजून जिवंत? मी म्हटलं, हो, आत्ता ह्या क्षणी पण कुठेतरी वाढतायत. तिने हात जोडले. ती देवळात जोडते तसेच.

रात्री साडेनऊला डॉक्टरना फोन करून विचारलं, त्यांनी नेहमीचाच डोस घ्यायला सांगितला आणि बुधवारी बोलावलं. मावशीने फ्रिजमधून पेन काढलं, तळहातात धरून जरा गरम केलं, डायल फिरवली, टक टक टक, मी पण मनात मोजत होते, अठरा. पोटाला सुई लावून तिने दहापर्यंत आकडे म्हटले तसे ती नेहमी म्हणते, मग सुई काढून डब्यात टाकली. आणि खोलीचा दिवा घालवताना म्हणाली, जाऊबाईंना विचारून ठेव, ती छातीची मशीनवरची तपासणी कुठे करतात ते, बुधवारी आलो की तीपण करून घेऊया.